मी पाचवा, मी बाहेरून म्हणतो

मुनिरकात खोली बघायला गेलो ना आम्ही, तेव्हा घरमालक काकांनी नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, दारातच विचारलं, किती जण. आमचे हे म्हणाले, आम्ही दोघं आणि हे बाळ. काकांनी माझ्या कडेवरच्या परीकडे बघितलं, ती तेव्हा पाच महिन्यांची, तोंडात मूठ घालून बसलेली, आणि म्हणाले, बाळ धरायचं नाही, सात वर्षांच्या आतलं कायदा धरत नाही. म्हणजे दोन. चालेल. पण पाहुणे एका वेळी दोनच आणायचे.

मला वाटलं पाण्याचा प्रश्न असेल, दिल्लीत पाण्याचं असतंच, म्हणून मी मान हलवली. तर पाण्याचा नव्हता. काकांचं म्हणणं असं की चारपर्यंत ती नुसती माणसं असतात, पाचवा आला की जमाव होतो, आणि जमावातल्या एकाने काही वाईट केलं की सगळे आत. आत म्हणजे जेलमध्ये. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चावी हातात द्यायच्या आधी.

मी आधीच घाबरट. नववी नापास, फलटणकडची, लग्न होऊन डायरेक्ट दिल्लीत आलेली. मेट्रोचा सरकता जिना आला की मी परीला छातीशी धरून डोळे मिटते, पोलीस दिसला की काही केलेलं नसताना पदर सावरते. आमच्यांची ड्यूटी कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसच्या किचनमध्ये, सकाळी जायचे ते रात्रीच यायचे, मग दिवसभर मी, परी आणि खालच्या मजल्यावर हे काका. म्हणजे बघा, घाबरायला मला पूर्ण दिवस मोकळा.

काका आपल्याकडचेच, अकोल्याचे, पण चाळीस वर्षं दिल्लीत. कोर्टात टाइपिस्ट होते. जज्जसाहेब बोलायचे आणि काका टाइप करायचे, खुनाबिनाचे निकाल सगळे. रिटायर होऊन किती वर्षं झाली होती तरी रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, टाइपरायटरवरचं कापड काढायचे, त्याची नीट घडी करायचे आणि एक नोटीस टाइप करायचे. ती नोटीस मग जिन्यात लागायची. ‘जिन्यात कोणी कोणास धक्का दिल्यास त्याच्या मागे उभा असलेला इसमही जबाबदार धरला जाईल.’ खाली तेच हिंदीत. आमच्या शेजारच्या खोलीत पूनम भाभी राहायची, बिहारची, एकदम बिनधास्त, ती त्या नोटिसा आठवड्याने काढून पिठाच्या डब्याखाली घालायची. कागद चांगला असतो म्हणायची, सरकारी.

लग्नाच्या सीझनला आमच्या गल्लीतून वराती जायच्या, बँड, लाइटा, घोडी, आणि काही लोक बंदूक काढून हवेत गोळी उडवतात ना इकडे. सगळी गल्ली खिडकीत. काका तेवढे दार लावून आत. मला म्हणायचे, सूनबाई, त्या वरातीत नाचू नकोस कधी. गोळी एकजण उडवतो, लागते बाल्कनीतल्या कुणाला, आणि मग कोर्ट विचारतं, बरोबर कोण कोण होतं. मी म्हटलं, काका, नाचणाऱ्याने काय केलं? तर म्हणाले, नाचला ना. मग दुसऱ्या दिवशी नोटीस, ‘वरातीत नाचणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर नाचावे.’ ही नोटीस पूनम भाभीने काढली नाही, फोटो काढून गावी पाठवली.

टीव्हीवर काही चोरीबिरीचं लागलं की आपण चोर बघतो, काका गाडी कोण चालवतंय ते बघायचे. चोर पकडले गेले, हिरो हसला, पिक्चर संपला, तरी काका विचारत बसायचे, ड्रायव्हरचं काय झालं. कुणाला माहीत नसायचं. मी एकदा म्हटलं, सुटला असेल काका, तो तर नुसता गाडीत होता. काका माझ्याकडे असे बघायला लागले की मी परीला उचललं आणि वर गेले.

आणि ते रजिस्टर. ते तर सांगायलाच पाहिजे. दोघांनी मिळून काही काम करायचं असलं ना त्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे सिलिंडर वर न्यायचा असो, कपाट सरकवायचं असो, आधी काकांच्या रजिस्टरमध्ये ज्याने त्याने आपला इरादा लिहायचा. वर तारीख, मग काम, मग इरादा, मग सही. आमच्यांनी लिहिलेलं मला अजून आठवतं, ‘सिलिंडर वर नेणे. इरादा फक्त नेण्याचा. कोणाच्या पायावर पाडण्याचा नाही.’ ते शेवटचं काकांनी लिहायला लावलं. सिलिंडरवाला गडी बिचारा घामाघूम, त्याला वाटायचं गॅस कंपनीचाच नवीन नियम आहे. तो पण सही करायचा. पूनम भाभी माझ्याकडे चहाला आली तरी मुद्दाम खाली जाऊन लिहून यायची, ‘इरादा: चाय पीना.’ काका ते गंभीरपणे वाचायचे आणि खाली सही करायचे.

मध्ये कायद्याचे नंबर बदलले. चौतीस नंबरचं काही होतं ते तीन झालं आणि त्याच्यात परत पाचवं पोट निघालं, असं काहीतरी, मला कुठलं कळतंय. काका आठ दिवस धड जेवले नाहीत. म्हणायचे, घरातल्या माणसांची नावं बदलल्यासारखं वाटतंय. घरात माणसं तर कुणी नव्हतीच त्यांच्या. मग मी वाटीतून पिठलं नेऊन दिलं. पिठलं खाताना पण त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. तेवढी सवय होती त्यांना, समोरचा बोलायला लागला की यांची बोटं चालू, टेबलावर, मांडीवर, जिन्याच्या कठड्यावर. आपण बोलतो ते सगळं टाइप होतंय म्हटल्यावर मला बोलायचंच सुचायचं नाही. मी सांगायला जायचे की नळाचा वायसर गेलाय, आणि सांगून यायचे की काही नाही, सहज आले होते.

गणपती आणला आम्ही पहिल्या वर्षी, एवढासा, वीतभर. आरतीला मी, आमचे हे, पूनम भाभी आणि गच्चीवरच्या खोलीतली रेवती. रेवती सांगलीची, पीएचडी करत होती, कशात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, तिलाही नीट सांगता यायचं नाही. काकांना बोलवायला गेले तर आले, सोवळं नेसून आले, हातात झांजा. दारात थांबले. डोकी मोजली. आणि मागे सरकून जिन्यात उभे राहिले.

“काका, आत या ना.”

“मी पाचवा. मी बाहेरून म्हणतो.”

आणि बाहेरूनच म्हटली सगळी आरती, आवाज काय खणखणीत, झांजा काय वाजवल्या. गणपती आत, काका बाहेर. मंत्रपुष्पांजलीला मी फूल नेऊन दिलं ते त्यांनी जिन्यातून नेम धरून टाकलं, ते पूनम भाभीच्या डोक्यावर पडलं. आम्ही सगळे हसलो आणि काका नाही हसले, ते म्हणाले, कुणाला लागलं नाही ना.

आता कोंबड्याचं सांगते.

आमच्या गच्चीला लागून चौधराइनची गच्ची. ती इथलीच, मूळ मुनिरका गावातली, मोठं घर, खाली अंगण, पण राहायला एकटी. मुलं मोठी होऊन लांब गेलेली. कुण्या स्टुडंटने कोंबडीचं पिल्लू पाळलं होतं, परीक्षा संपल्यावर तो गेला गावाला आणि पिल्लू राहिलं हिच्याकडे. ही घासफूस खाणारी बाई, अंड्याला हात लावणार नाही, पण त्याला चुरमा करून घालायची. नाव ठेवलं कप्तान. वाढून असा झाला तो, लालभडक तुरा, चालणं तर ठाणेदारासारखं. आणि सकाळी नाही आरवायचा हं, सकाळी झोपायचा. दुपारी एक ते चार. बरोब्बर परी झोपली की. आमच्या गच्चीवर यायचा, पाण्याच्या टाकीवर चढायचा, आणि माझ्या खोलीच्या झरोक्यात तोंड घालून आरवायचा.

परी दचकून उठायची, काळीनिळी होऊन रडायची. पूनम भाभीचं डोकं दुखायचं. रेवतीचं लिहिणं व्हायचं नाही, तसंही होत नव्हतं पण आता कारण मिळालं. काकांच्या टाइपमध्ये चुका व्हायला लागल्या. चौधराइनला सांगायला गेलो तर ती म्हणाली, तुम्हारी छोरी रोती है तो मैं उसे बंद करने को बोलती हूँ क्या?

मग रेवतीने प्लॅन काढला. मारायचं नाही, बिल्कुल नाही, नुसतं पकडायचं आणि ऑटोत घालून संजय वनात सोडून यायचं. तिथे मोर आहेत, त्याला कंपनी होईल. पूनम भाभीने पकडायचं, रेवतीने पोतं आणायचं, आणि मी काय, मी गच्चीच्या दाराशी जिन्यात परीला घेऊन बसायचं, चौधराइन आली तर परीला चिमटा काढायचा. परी रडली की तो इशारा. मी म्हटलं, मी नाही बाई माझ्या लेकराला चिमटा काढणार. पूनम भाभी म्हणाली, बस बैठी रह, तुझे कुछ नहीं करना. एवढंच. कुछ नहीं करना.

टब काकांचा आणला. निळा, प्लॅस्टिकचा, मोठा. रजिस्टरमध्ये भाभीने लिहिलं, ‘टब. इरादा: कपड़े भिगोना.’

जून महिना, दुपारचे पावणेदोन, दिल्लीची गच्ची. तुम्ही समजून घ्या. पाय टेकवला तर पापड भाजेल. भाभीने दाणे टाकले, कप्तान आला, भाभीने टब घातला, एका फटक्यात. आतून धडाधड उड्या. टब हलायला लागला म्हणून भाभीने वर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि ऑटो बघायला खाली गेली. आमच्या गल्लीत ऑटो शिरत नाही, मेन रोडवर जावं लागतं. रेवती पोतं आणायला गेली, तर तिच्या पीएचडीच्या सरांचा फोन आला, आणि सरांचा फोन कट करता येत नाही म्हणे. ती किराणा दुकानासमोर उभी राहून येस सर, येस सर करत बसली.

आणि मी जिन्यात. परी मांडीवर. गच्चीच्या दारातून मला टब दिसत होता. आधी धडधड होती, मग टकटक झाली. टकटक, टकटक, टकटक. प्लॅस्टिकवर चोच. मला वाटलं जावं आणि बादली थोडी सरकवावी. मग वाटलं, सुटला तर? भाभी ओरडेल. चौधराइन बघेल. मला तर काही करायचंच नाहीये. मी बसून राहिले. टकटक हळूहळू लांब लांब व्हायला लागली, आणि मग थांबली. आणि मी काय म्हटलं मनात, देवाशप्पथ खरं सांगते, मी म्हटलं, बरं झालं, झोपला.

भाभी आली ती ऑटोवाल्याला घेऊनच वर आली, त्याला म्हणाली होती जड सामान आहे. रेवती पण आली. टब उचलला. कप्तान एका कुशीवर, चोच उघडी, तुरा काळपट. ऑटोवाला वाकून बघून म्हणाला, मैडम, मैं मरा हुआ नहीं ले जाता, आणि निघून गेला. रेवती तापलेल्या फरशीवरच बसली आणि चटका बसून उठली.

तेवढ्यात खालून हाक आली. कप्तान, ओ कप्तान. चौधराइन स्टीलची वाटी वाजवत गल्लीतून फिरत होती. चुरम्याची वेळ झालेली. कोण्या दुकानदाराला सांगत होती की सापडला नाही तर चौकीत जाते, माझा भतीजा पोलिसात आहे, ज्याने उचलला त्याची खैर नाही.

वर्षभर काकांचं ऐकलेलं सगळं डोक्यात एकदम, बरोबर कोण होतं, जिन्यात कोण होतं. डोळ्यासमोर आलं, मला जीपमध्ये घालतायत आणि परी दारात उभी, आणि तिला तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून भात जात नाही. कायदा तिला धरत नाही म्हणजे तिला मागेच ठेवणार ना. भाभी म्हणाली, चुप रहेंगे, किसी को पता नहीं चलेगा. मी परीला उचललं आणि थेट काकांच्या दारात.

काका, मी म्हटलं, मला जेल होणार का, तेवढं सांगा, आणि परीला बरोबर नेता येतं का. आणि मग रडत रडत सगळं सांगितलं, एका दमात, दाणे, टब, बादली, सरांचा फोन, सगळं. काकांची बोटं टेबलावर चाललेली, भराभर. मध्ये मध्ये विचारत होते, वेळ किती, बादली भरलेली का रिकामी, प्लॅनमध्ये मारायचं होतं का. मी म्हटलं नव्हतं, शप्पथ नव्हतं, मोरांबरोबर ठेवायचं होतं. मग मी टकटक सांगितली. थांबली ते सांगितलं. मी काय म्हटलं मनात ते पण सांगितलं.

काकांची बोटं थांबली.

मग त्यांनी मला एक जुनी केस सांगितली, आणि ती सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, टाइपरायटरच्या कापडाकडे बघत होते. एक टेम्पोवाला होता. चौघांना घेऊन एका गोदामावर गेला, चोरी करायची हे त्याला माहीत होतं, ठरलं एवढंच होतं की माल भरायचा आणि निघायचं. तो गाडीतच बसला, इंजिन चालू ठेवून. आत म्हातारा चौकीदार जागा झाला, चौघांतल्या एकाने त्याच्या डोक्यात काहीतरी घातलं, तो मेला. टेम्पोवाल्याला आतून ओरडल्याचा आवाज आला होता. त्याने काय केलं, तर रेडिओ मोठा केला. हे त्याने स्वतःच सांगितलं कोर्टात, खरं बोललं की सुटतं असं वाटून. चार जण असते तर ती साधी लूट झाली असती, मारणारा वेगळा, बाकीचे वेगळे असं कदाचित काही निघालं असतं. पण हा पाचवा होता. पाच झाले की डाका. डाक्यात एकाने मारलं की पाचांनी मारलं. पाचही जणांना जन्मठेप.

काकांनी टाइप केला तो निकाल. एवढा लांब, एक पण खाडाखोड नाही. साहेब म्हणाले, सुंदर. काकांना इतका आनंद झाला की बाहेर व्हरांड्यात चहा प्यायला गेले. तिथे टेम्पोवाल्याची बायको उभी होती, कडेवर पोर. तिला इंग्रजी कुठलं कळणार, निकालात काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने यांचा पांढरा शर्ट बघून विचारलं.

“बाबूजी, वो तो गाड़ी में ही बैठा था. आपने लिखा ना?”

काका म्हणाले, लिखा है. आणि खरंच लिहिलं होतं. “सूनबाई, त्याच वाक्यावर तर तो गेला. तिला वाटलं मी बरं केलं तिचं. पाया पडली माझ्या.”

परी टाइपरायटरच्या बटणांवर हात आपटत होती, तरी काका तिला काही म्हणाले नाहीत, एरवी हात लावू देत नसत.

मग ते उठले, रजिस्टर काढलं, चष्मा लावला. मोजायला लागले. पूनम, एक. रेवती, दोन. तू जिन्यात, तीन. ऑटोवाला वर आला होता, चार. मी म्हटलं, काका, मग पाच नाही झाले ना, मग डाका नाही ना? त्यांनी टबाची नोंद दाखवली. कपड़े भिगोना. खाली त्यांची सही.

“टब माझा आहे,” काका म्हणाले. “त्या बाईने आजवर माझ्याकडून कपड्यांना टब नेला नाही. मला कळलं होतं कशाला नेतेय. सकाळीच मी तिला म्हटलं होतं की संजय वन मोठं आहे, पक्ष्यांना मोकळीक आहे. चल. पाच झाले.”

असे आम्ही निघालो. काका पुढे, इस्त्रीचा शर्ट, त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला कप्तान, मागे मी परीला घेऊन, मागे भाभी कुरकुरत, मागे रेवती. ऑटोवाल्याचा फोन लागला नाही, त्याला काकांनी फरार धरलं. चौधराइन अंगणात खाटेवर बसलेली. काकांनी टॉवेल तिच्यासमोर ठेवला, घसा साफ केला आणि कोर्टाच्या भाषेत सुरू केलं, बमुक़ाम मुनिरका, बवक़्त क़रीब दो बजे दोपहर, मुल्ज़िमान पाँच, जिनमें से एक फ़रार.

“मुंशीजी,” चौधराइन काकांना म्हणाली, “हिंदी में बोलो.”

काका अडकले. साध्या हिंदीत त्यांना गुन्हा सांगताच येईना. भाभी जमिनीकडे बघतेय, रेवती सॉरी आंटी, सॉरी आंटी. चौधराइनने टॉवेल उघडून बघितला आणि परत झाकला. तिने एकच विचारलं, ये मरा कैसे.

आणि मी बोलले. मला माहीत नाही कसं, मी कधी कुठे बोलत नाही. मी म्हटलं, चाचीजी, टब के नीचे था. धूप थी. टकटक कर रहा था. फिर बंद हो गया. मैं वहीं बैठी थी, मैं उठी नहीं.

ती उठली आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं आता कानाखाली बसणार, मी डोळे मिटले. तिने माझ्या कडेवरून परीला काढून घेतलं. मी ओरडणारच होते. परी नवीन माणूस बघून भोकाड पसरणारी, तिने चौधराइनच्या नाकातली चमकी पकडली आणि ओढली.

चौधराइन परीला घेऊन खाटेवर बसली. मग म्हणाली, “दोपहर को ये आँगन बोलता था. अब तुम बोलो. रोज आओ, दो बजे. सारे के सारे.”

काकांनी विचारलं, मुद्दत? म्हणजे किती दिवसांची? ती म्हणाली, जब तक मेरा जी भरे.

कप्तानला मग संजय वनातच नेऊन पुरला, रेवती आणि भाभी दुसऱ्या ऑटोने गेल्या, पोत्यात घालून. तेवढं प्लॅनप्रमाणे झालं.

आणि आम्ही जायला लागलो. रोज दोन वाजता. पहिले काही दिवस मी परीला चौधराइनच्या मांडीवर ठेवून तिच्या पदराचं टोक हातात धरून बसायचे, न जाणो. बोलायचं काय? मी फलटणचं सांगितलं, सासूचं सांगितलं, माझं गणित कसं राहिलं ते सांगितलं. रेवती पीएचडीचं सांगायला लागली की चौधराइन झोपायची, पण ती म्हणायची चालेल, आवाज तर आहे. पूनम भाभी पहिल्या दिवशी तोंड फुगवून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून हिला थांबवायचं कसं असं झालं. काका ठीक दोनला यायचे, ताठ बसायचे आणि एक एक जुनी केस सांगायचे, चौधराइन मध्येच म्हणायची, मुंशीजी, कोई हँसने वाली सुनाओ, आणि काकांना एकही आठवायची नाही. ती त्यांना डोकी मोजायची संधीच द्यायची नाही, गल्लीतल्या बायका पण येऊन बसायच्या, सात, आठ, नऊ. पहिल्या आठवड्यात काकांना घाम फुटायचा. मग ते बंद झालं.

परी तिथेच चालायला लागली. बोलायला पण तिथेच शिकली, त्यामुळे ती मला आई न म्हणता, चौधराइन हाक मारायची तसं अरी, म्हणजे अगं, म्हणायची बरेच दिवस.

थंडी आली. डिसेंबरातल्या एका दुपारी उन्हात बसलो होतो, चौधराइनच्या पुढ्यात परातभर मटार. ती म्हणाली, चलो, मेरा जी भर गया. माफ़. कल से मत आना, जिसको अपना काम हो वो करे. भाभी म्हणाली, अच्छा, आणि शेंगा उचलून सोलायला लागली, कारण जायचं होतं कुणाला. रेवतीला सरांकडे जायचं होतं, ती पाया पडून गेली. मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू, सहा महिने छातीवर जे बसलं होतं ते उठलं. मी परीचा एक मुका घेतला.

काका उठले नाहीत. चौधराइनने परत सांगितलं, मुंशीजी, आप भी छूट गए. काका म्हणाले, जी नहीं. मग साध्या हिंदीत बोलायचा प्रयत्न करत, एकेक शब्द शोधत म्हणाले, आपका वाला माफ़ हुआ. मेरा एक और है. पुराना. वो आप माफ़ नहीं कर सकतीं. जिससे माफ़ी लेनी है उसका पता मेरे पास नहीं है.

भाभीला काही कळलं नाही, ती शेंगा सोलत राहिली. मला कळलं, मी खाली बघितलं. चौधराइनला काय कळलं काय माहीत, तिला ती टेम्पोवाल्याची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तिने काकांकडे बघितलं. मग मटाराची परात पायाने त्यांच्याकडे सरकवली.

“तो दूसरे केस वाली सज़ा भी यहीं काट लो, मुंशीजी. मटर बहुत हैं.”

काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिली शेंग उचलली. त्यांना सोलता येत नव्हती, दाणे उडून लांब जात होते, आणि परी त्यांच्या मागे पळून पळून खात होती.